जहाजावरची पंगत आणि पायातली वहाण

वाचक विचारतात

समुद्रपर्यटनावरील टिपण प्रसिद्ध झाल्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून जी पत्रे आली, त्यांत जेवणात काय मिळते याची चौकशी थोडी आणि जेवायला जाताना काय घालावे याची चौकशी फार, असे दिसले. त्यातही निम्म्याहून अधिक पत्रे पायांत काय घालावे या एकाच मुद्द्यावर अडली आहेत. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. उत्तरे देणाऱ्याने काही वर्षे एका परदेशी जहाजाच्या भोजनगृहात, दारातल्या उंच टेबलामागे उभे राहून, आलेल्या पाहुण्यांना आत घेण्याचे किंवा न घेण्याचे काम केलेले आहे. त्यामुळे काही उत्तरांत दाराच्या आतल्या बाजूची भाषा आली, तर वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न : लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही उभयता सिंगापूरहून चार रात्रींच्या सफरीला गेलो होतो. वाढदिवसाच्या रात्रीसाठी जहाजावरील एका खास इटालियन रेस्टॉरंटमध्ये जादा पैसे भरून टेबल राखून ठेवले होते. यजमानांनी इस्त्रीची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मुद्दाम त्या दिवसासाठी घेतलेली कोल्हापुरी चप्पल घातली होती. दारातील मुलीने अत्यंत गोड शब्दांत, पण ठामपणे, पुरुषांना बोटे उघडी राहणाऱ्या चपलांत आत येता येणार नाही असे सांगितले. त्याच वेळी आमच्या पुढची एक परदेशी बाई पाचही बोटे दिसणाऱ्या सँडलमध्ये आत गेली. हा भेदभाव नव्हे काय? यजमानांनी त्या रात्री बुफेत वरणभात खाल्ला आणि अजून तो विषय काढू देत नाहीत. — एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तो भेदभाव आहे, पण आपण समजता तसा नाही. तो भारतीय आणि परदेशी यांच्यातला नसून पुरुष आणि स्त्री यांच्यातला आहे, आणि तो पाश्चात्त्य पोशाखाच्या रूढीतच मुरलेला आहे. त्या रूढीत स्त्रीची नाजूक पट्ट्यांची, टाच उंच असलेली सँडल ही संध्याकाळच्या समारंभी पोशाखाचाच भाग मानली जाते. पुरुषाच्या संध्याकाळच्या पोशाखात मात्र बंद चामडी बुटाला पर्याय असा कधी नव्हताच. तर्काच्या कसोटीला ही गोष्ट उतरत नाही हे खरे, परंतु रूढी तर्काने चालत असत्या तर आपल्याकडच्याही पुष्कळशा मोडीत निघाल्या असत्या.

नियम असा का, याचे एक कारण जहाजाच्या रचनेत आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. सांगलीत पोहण्याच्या तलावावरून निघालेला माणूस थेट हॉटेलात जेवायला जात नाही, कारण मध्ये त्याचे घर असते आणि घरी तो कपडे बदलतो. जहाजावर तलाव वरच्या डेकवर, रेस्टॉरंट चार मजले खाली, आणि दोहोंच्या मध्ये फक्त एक लिफ्ट. ओल्या चड्डीवर आणि रबरी स्लिपरवर माणूस अर्ध्या मिनिटात पांढऱ्या टेबलक्लॉथपाशी पोहोचू शकतो, आणि मोकळे सोडले तर पोहोचतोच, हे मी पाहिलेले आहे. गादीच्या खुर्च्या ओल्या होणे, चकचकीत फरशीवर पाय घसरणे, हातावर चार गरम ताटल्या तोललेल्या वाढप्याचा उघड्या बोटांवर पाय पडणे, हे सगळे त्यातून येते. म्हणून समुद्रकिनाऱ्याची वेळ संपून जेवणाची वेळ सुरू झाली हे दाखवणारी सीमारेषा कपड्यांनी आखली जाते, आणि ती सर्वांत आधी पायांशी आखली जाते.

ही रेषा सगळ्या जहाजावर एकसारखी नसते. वरच्या डेकवरचा बुफे सर्वांत सैल असतो. तेथे अर्धी चड्डी आणि साधी चप्पल चालते, फक्त अनवाणी आणि ओल्या पोहण्याच्या कपड्यांत जाऊ नये एवढीच अपेक्षा असते. तिकिटातच समाविष्ट असलेले मुख्य भोजनगृह त्याहून एक पायरी वर असते. तेथे रात्री बिनबाह्यांचे बनियन, पोहण्याचे कपडे, खेळाडूंच्या टोप्या आणि रबरी स्लिपर बहुतेक कंपन्यांना मान्य नसतात. जेथे माणशी वेगळे पैसे भरून टेबल राखावे लागते, ती स्पेशालिटी रेस्टॉरंटे सर्वांत कडक, आणि पुरुषांसाठी बंद बुटाची अट आढळली तर ती बहुधा येथेच आढळते. तात्पर्य, ‘या जहाजावर काय चालते’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘या रेस्टॉरंटमध्ये, या रात्री काय चालते’ असे विचारावे लागते.

आता कोल्हापुरीबद्दल. ज्याने हा नियम लिहिला, त्याच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनाऱ्यावरची रबरी चप्पल होती. अंगठ्यात अडकवायची, दोन बाजूंना कान असलेली, वेणी घातलेली चामड्याची वहाण त्याने पाहिलेलीच नव्हती. दारातल्या मुलीला मात्र नियमाचे शब्द पाळावे लागतात, आणि त्या शब्दांत पुरुषाची बोटे झाकलेली हवीत एवढेच असते. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते ज्या आठ जिल्ह्यांना लागू आहे त्यांत कोल्हापूर आणि सोलापूरबरोबर आपले सातारा आणि सांगलीही आहेत, उरलेले चार कर्नाटकातले. २०२५ च्या जून महिन्यात प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात अगदी तशाच घडणीच्या वहाणा पुरुषांच्या पायांत घालून मिरवल्या, त्यावर महाराष्ट्रातून आरडाओरडा झाला, आणि मग त्या भारतीय कारागिरीवरून सुचल्याचे कंपनीने कबूल केले. ज्या इटलीच्या राजधानीत नव्हे, पण फॅशनच्या राजधानीत आपली वहाण अशी चालली, त्याच इटलीचे पदार्थ वाढणाऱ्या रेस्टॉरंटच्या दारात आपल्या यजमानांची वहाण अडली, ही गंमत त्यांना सांगून पाहावी. कदाचित विषय काढू देतील.

मीही एकदा असे केलेले आहे, ते येथे सांगितलेच पाहिजे. दारात उभे असलेले गृहस्थ कराडकडचे होते हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळले होते, त्यांच्या पायांतली कापशी घाटाची कोल्हापुरी माझ्या आजोबांच्या वहाणेसारखीच होती, आणि तरीही मी त्यांना इंग्रजीतून परत पाठवले. मराठीतून सांगितले असते तर निदान खोलीत दुसरे बूट आहेत का, हे विचारता आले असते. त्यांनी बूट आणलेले होते. पण ते ऐकून घ्यायला मी थांबलो नाही.

आपल्या घरच्या संस्कारांचाही यात थोडा वाटा आहे. आपल्याकडे जेवणाच्या पोशाखाचे नियम नव्हते असे नाही. सोवळे, मुकटा, कद ही जेवणाच्या पोशाखाचीच नावे आहेत, आणि ओल्या पंचाने सोवळे राखणाऱ्या घरात शर्ट घालून पाटावर बसण्याची प्राज्ञा नव्हती. फरक इतकाच, की आपल्या पंगतीत वहाण दाराबाहेर राहते. त्यामुळे चांगले कपडे कोणते यावर घरात आठवडाभर खल होतो, परंतु पादत्राण हे त्या कपड्यांपैकीच एक आहे हे मनात येत नाही, आणि बॅगेची चेन लावताना जे हाताला लागेल ते त्यात जाते. तेथे वहाण पानापर्यंत सोबत येते, म्हणून तिलाही पंगतीचे नियम लागतात.

भरलेल्या पैशांविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. टेबल राखताना मिळालेल्या कागदावर किंवा जहाजाच्या ॲपवर बंद बुटाची अट लिहिलेली नसेल, तर पाहुण्यांच्या मदत-कक्षात जाऊन ते दाखवावे आणि दुसऱ्या रात्रीचे टेबल मागावे. शांतपणे मागितले तर ते बहुधा मिळते. अट लिहिलेली असेल, तर मागणीला बळ राहत नाही. आणि पोशाख जमणार नाही हे आधी लक्षात आले, तर जेवणाच्या आदल्या दिवशीच टेबल सोडावे, कारण ऐन वेळी सोडलेल्या टेबलाचे पैसे पुष्कळ ठिकाणी कापले जातात.

प्रश्न : आमचे नातेवाईक इंग्लंडमध्ये असतात. त्यांनी माझ्या सासऱ्यांसाठी आणि आमच्यासाठी साऊदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या ‘क्वीन मेरी २’ या जहाजाची तिकिटे काढली आहेत. मामंजींचे वय ७४. त्यांनी आयुष्यात पँट घातलेली नाही. धोतर, सदरा, गांधी टोपी आणि पायताण हाच त्यांचा पोशाख. जहाजावर ‘गाला’ रात्री सूट घालावा लागतो असे कळल्यापासून ते ‘मी घरीच बरा’ म्हणू लागले आहेत. त्यांना सूट शिवावा काय? — एक सून, कोरेगाव तालुका, जि. सातारा

उत्तर : शिवू नये. क्युनार्ड कंपनीचे हे जहाज पोशाखाच्या बाबतीत आज चालू असलेल्या मोठ्या जहाजांपैकी सर्वांत जुन्या वळणाचे समजले जाते, हे खरे आहे. २००४ साली ते प्रथम प्रवासाला निघाले, पण त्याची रीत त्याआधीच्या काळातली आहे. संध्याकाळी सहानंतर बहुतेक दालनांत नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो, आणि गाला, म्हणजे थाटाच्या औपचारिक, रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट (टक्सेडो नावाचा संध्याकाळचा कोट) किंवा टायसह गडद सूट घालावा अशी अपेक्षा असते. तेथे ‘ब्लॅक टाय’ असा शब्दप्रयोग आढळेल. त्याचा अर्थ काळी नेकटाय असा घेऊन पुष्कळ जण फसतात. त्याचा अर्थ डिनर जॅकेट आणि बो टाय. परंतु याच कंपनीच्या नियमांत सूटबरोबर औपचारिक राष्ट्रीय पोशाखही मान्य केलेला आहे. स्कॉटलंडचा माणूस तेथे किल्ट, म्हणजे त्यांचा घागऱ्यासारखा पुरुषी पोशाख, घालून येतो आणि कोणी त्याला पँट घाल म्हणत नाही.

मात्र ‘औपचारिक’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. रानात जाताना नेसतात ते धोतर आणि लग्नात मांडवात बसताना नेसतात ते धोतर, यांतला फरक मामंजींना समजावून सांगावा लागणार नाही. पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे धोतर, वर काळा किंवा गडद निळा गळाबंद कोट, हवे तर उपरणे, एवढे झाले की त्या भोजनगृहातले निम्मे भाड्याचे टक्सेडो त्यांच्यापुढे फिके पडतील. टोपीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. रात्री टोप्या घालू नयेत असे जहाजांवर लिहिलेले असते, तेव्हा रोख पुढे झापड असलेल्या खेळाच्या टोपीवर असतो. पोशाखाचा भाग म्हणून घातलेली गांधी टोपी किंवा फेटा त्यात धरू नये, हे समजावून सांगितले तर पटण्यासारखे आहे. पण दारात उभे राहून समजावण्यापेक्षा आपल्या नातेवाइकांनी कंपनीला आधीच ईमेल पाठवून, हवे तर मामंजींचा एखाद्या लग्नातला फोटो जोडून, उत्तर लेखी घ्यावे आणि ते मोबाईलवर जपून ठेवावे.

पायताणाच्या बाबतीत मात्र मी मामंजींच्या बाजूने उभा राहू शकत नाही. धोतराखाली पुढून बंद असलेला चामडी जोडा किंवा साधी मोजडी घालावी. आपल्याकडे धोतराबरोबर पूर्वी पुणेरी जोडा चालतच असे, तेव्हा हे काही परक्याचे उसने घेणे नाही. त्यात आणखी एक व्यवहाराची गोष्ट अशी, की अटलांटिक महासागर हा काही कोयनेचा जलाशय नव्हे. जहाज हलते, जिने असतात, आणि धोतराचा सोगा गुळगुळीत चामडी तळाखाली आला तर माणूस पडतो. जोड्याला रबराचा तळ बसवून घ्यावा, आणि सोगा एक बोटभर आखूड ठेवावा.

धोतराला अडवल्याच्या गोष्टी परदेशातल्याच असतात असे नाही. २०१४ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, नेसल्यामुळे चेन्नईतील एका क्लबात प्रवेश नाकारला गेला, आणि त्याच वर्षी तमिळनाडूने भारतीय पारंपरिक पोशाखावरून प्रवेश नाकारण्यास बंदी करणारा कायदा केला. अनवाणी फिरणारे चित्रकार एम. एफ. हुसेन यांना मुंबईतील एका जुन्या क्लबाने पायांत काही नाही म्हणून दारातून परत पाठवले होते, ती गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. पण असल्या कायद्याचा आधार समुद्रात मिळत नाही. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा, असा तेथील दंडक आहे, आणि ‘क्वीन मेरी २’ ची नोंदणी बर्म्युडातील हॅमिल्टन बंदराची आहे. तेव्हा हक्काची भाषा करण्यापेक्षा आधीची चौकशी उपयोगी पडते.

आणि इतके करूनही एखाद्या रात्री मामंजींना त्या थाटाचा कंटाळा आला, तर किंग्ज कोर्ट नावाचा बुफे आणि गोल्डन लायन नावाचे साधे उपाहारगृह त्याच जहाजावर आहे. गाला रात्रीही तेथे साधेपणाने बसून खाता येते. तोपर्यंत ‘मी घरीच बरा’ हे त्यांचे म्हणणे मनावर घेऊ नये.

प्रश्न : मी नुकताच नोकरीला लागलो आहे. मित्रांबरोबर क्रूझला जात आहे. जीन्स आणि बारा हजारांचे पांढरे स्नीकर्स चालतील का? — एक तरुण, कराड

उत्तर : दारातल्या माणसाला बुटाची किंमत दिसत नाही, जात दिसते. खेळाचा बूट हा बारा हजारांचा असला तरी खेळाचाच. पण आपण सुदैवी काळात जन्मला आहात. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने २००० सालच्या सुमारास ‘फ्रीस्टाईल’ नावाने सूट-टायची सक्तीच काढून टाकली, सेलिब्रिटी कंपनीने २०१५ च्या अखेरीस जुन्या औपचारिक रात्री बंद करून ‘इव्हिनिंग शिक’ नावाचा सैल प्रकार आणला, आणि व्हर्जिन कंपनीच्या जहाजांवर तर औपचारिक रात्र हा प्रकारच नाही. या वातावरणात गडद रंगाची, न फाटलेली, न विटलेली जीन्स, कॉलरचा शर्ट आणि साधे, एकरंगी, स्वच्छ स्नीकर्स मुख्य भोजनगृहात पुष्कळ ठिकाणी खपून जातात. गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली जीन्स खपत नाही, मग ती फाडून घ्यायला आपण जादा पैसे मोजलेले असोत. औपचारिक रात्र किंवा खास रेस्टॉरंट असेल तर एक काळी पँट आणि काळे चामडी बूट जवळ असू द्यावेत. मुलाखतीला जे घातले होते तेच चालतील.

प्रश्न : मला मधुमेह आहे आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. डॉक्टरांनी पट्ट्याने आवळायचे, जाड तळाचे खास बूट सांगितले आहेत. साडीवर ते फार विचित्र दिसतात. एका रात्रीपुरते साधे सँडल घालावेत, असे मुलगी म्हणते. आपले मत काय? — निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : मुलीचे ऐकू नये. इतक्या वर्षांत प्रकृतीसाठी घातलेल्या बुटांवरून मी कोणाला परत पाठवलेले नाही, आणि पाठवताना पाहिलेलेही नाही. टेबल राखताना किंवा पहिल्या रात्री भोजनगृहाच्या मुख्य व्यवस्थापकाला एका वाक्यात सांगून ठेवावे, म्हणजे पुढे दर वेळी दारात सांगत बसावे लागत नाही. त्याच मापाचे बूट काळ्या रंगात मिळाले तर घ्यावेत. गडद काठाच्या साडीखाली ते कोणाच्या ध्यानातही येत नाहीत.

उलट काळजी दुसऱ्याच ठिकाणी घ्यावी लागते. जहाजाच्या खोलीत स्नानगृहाच्या आणि बाल्कनीच्या दाराला उंच उंबरा असतो. घरच्या सवयीने पाय सरळ टाकला की ठेच लागते. वरचा डेक उन्हात तापतो, आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असेल तर चटका बसल्याचे लवकर कळत नाही. म्हणून तेथे अनवाणी फिरण्याचा मोह टाळावा, देवळाची सवय असली तरी. बूट नवे घेणार असाल तर निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे घरात रोज तासभर घालून पाय तपासावा. जहाजावर फोड येणे म्हणजे पुढची सगळी बंदरे खोलीच्या खिडकीतून पाहणे. मुख्य भोजनगृहात दाराजवळचे टेबलही मागून घ्यावे. मोठ्या जहाजावर लिफ्टपासून जेवणाच्या टेबलापर्यंतचे अंतर मिरज स्टेशनच्या फलाटाएवढे भरू शकते.

प्रश्न : सात रात्रींच्या सफरीत पैठणी एकदाच नेसायला मिळेल की दोनदा? आणि नऊवारी नेसली तर चालेल का? पायांत काय घालावे? — दोघी बहिणी, वाई

उत्तर : सात रात्रींत साधारणपणे दोन औपचारिक रात्री असतात, तीन-चार रात्रींच्या सफरीत एक. तारखा आधीच ठरलेल्या असतात आणि रोज खोलीत येणाऱ्या पत्रकात किंवा ॲपवर पाहता येतात. नऊवारी अवश्य नेसावी. साडीच्या बाबतीत पोशाखाच्या नियमांना काही बोलायला जागाच राहत नाही. साध्या रात्री सुती, थाटाच्या रात्री रेशमी, इतका विवेक पुरतो, आणि स्त्रियांच्या सँडलला अडथळा नसतो हे वरच्या पत्रात आलेच आहे. फक्त निमुळती उंच टाच टाळावी. हलणाऱ्या जिन्यावर ती धोक्याची, आणि डेकच्या लाकडी फळ्यांच्या फटीत ती रुतते.

इस्त्रीची गोष्ट मात्र निघण्याआधीच लक्षात घ्यावी. आगीच्या भीतीमुळे प्रवासी इस्त्री आणि वाफेची इस्त्री बहुतेक जहाजांवर खोलीत नेऊ देत नाहीत, आणि बॅगेत सापडली तर ती काढून ठेवून सफरीच्या शेवटी परत देतात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते आणि तेथे इस्त्री मिळते, काहींवर ती सोय नसते आणि पैसे देऊन कपडे द्यावे लागतात. पैठणी परक्या इस्त्रीवाल्याच्या हाती देण्याचे धाडस मी तरी करणार नाही. ती मलमलीच्या कापडात सैल गुंडाळून, बॅगेत सर्वांत वर ठेवून न्यावी. स्नानगृहात गरम पाणी सोडून वाफेवर चुण्या काढण्याची युक्ती सुती आणि कृत्रिम धाग्याच्या कपड्यांना ठीक आहे, पण रेशमावर आणि जरीवर ती करू नये.

प्रश्न : बारा वर्षांचा मुलगा फुटबॉलची जर्सी आणि लष्करी छाप्याची अर्धी चड्डी यांशिवाय काही घालत नाही. — एक पालक, तासगाव

उत्तर : दिवसा काही हरकत नाही. रात्री मुख्य भोजनगृहात पँट आणि कॉलरचा शर्ट घालायला लावावे. लहान मुलांच्या बाबतीत दारातली माणसे पुष्कळ गोष्टींकडे काणाडोळा करतात. काही खास रेस्टॉरंटे फक्त प्रौढांसाठी असतात, तेथे प्रश्नच येत नाही. लष्करी छाप्याच्या चड्डीविषयी मात्र गंभीरपणे सांगतो. सफर कॅरिबियन बेटांची असेल तर ती घरीच ठेवावी, कारण बार्बाडोस, जमैका यांसारख्या देशांत सामान्य नागरिकाने, मग ते मूल का असेना, तसले कपडे घालणे कायद्याने मना आहे.

प्रश्न : मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजासाठीही हे सगळे करायचे का? विमानाने सिंगापूरला जाणाऱ्यांना वजनाची मर्यादा असते, मग बूट तरी किती न्यायचे? — एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा

उत्तर : मुंबईहून सुटणाऱ्या ‘एम्प्रेस’ जहाजावर बहुतांश प्रवासी आपल्यासारखेच असतात, आणि दोन-तीन रात्रींच्या त्या सफरीसाठी कोणी सूट शिवायला टाकू नये. नीट पँट, कॉलरचा शर्ट किंवा कुडता-पायजमा पुरे. पण रबरी स्लिपर तेथेही डेकपुरतीच ठेवावी.

पादत्राणांचे तीन जोड पुरतात. तलावाकडे जायला पाण्याने न बिघडणारी चप्पल, बंदरावर उतरून दिवसभर चालायला सवयीचे बूट, आणि रात्रीच्या जेवणासाठी काळा बंद बूट. कोल्हापुरी चौथी. ती न्यायचीच असेल तर खुल्या डेकवरच्या संध्याकाळी, कुडत्याबरोबर, कोरड्या जागी घालावी, कारण चामडे ओल्या फळ्यांवर घसरते आणि खाऱ्या पाण्याने ताठरते. सर्वांत जड जोड प्रवासात पायांतच घालून निघावे, म्हणजे त्याचे वजन विमानतळावर मोजले जात नाही. साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या हरभट रोडवर बूट घेताना तळ वाकवून, नखाने दाबून पाहावा. चकाकीपेक्षा तळ महत्त्वाचा.

एक गोष्ट मात्र नव्या प्रवाशांना हमखास चुकवते. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी पोहोचायला कधी कधी संध्याकाळचे सात-आठ वाजतात. पहिल्या रात्रीचे जेवण तोवर सुरू झालेले असते. तेव्हा जेवणाचे बूट, मोजे आणि एक शर्ट औषधांच्या शेजारी, खांद्यावरच्या पिशवीत ठेवावा.